दालन क्रमांक सात

सकाळी नऊला मी दोरीच्या अलीकडे उभी राहते.
पलीकडे तेवीस आसनं, सगळी रिकामी.
ब्रनोच्या या संग्रहालयात माझं काम एवढंच :
कुणाला बसू द्यायचं नाही.

पहिल्या वर्षी पोटऱ्या भरून यायच्या.
आता नुसत्याच दगड होतात.
राखणदार बसलेली बरी दिसत नाही, असं वरून ठरलं,
तेव्हा कोपऱ्यातलं माझं स्टूलही गेलं.

थीब्जच्या खुर्चीला सिंहाचे पाय आहेत,
पुढचे पुढच्यासारखे, मागचे मागच्यासारखे.
सुताराने एकाही पंज्याची दिशा चुकवलेली नाही.
मालक केव्हाच थडग्यात आडवा झाला,
ही साडेतीन हजार वर्षं चालायच्या बेतात.

शेजारी मातीची पाटी, हाताच्या पंज्याएवढी.
सुमेरमधल्या कुणा कारकुनाने टोचून ठेवलंय :
गुझा, एक. पाय मोडका.
पुढे दुरुस्ती झाली की नाही, नोंद नाही.
गुझाची कुस्सू झाली, कुस्सूची कुर्सी;
शब्द इतक्या तोंडांतून गेला,
पण त्या पायाचं कुणी विचारलं नाही.

मग चीनची घडीची बैठक.
घोड्यांवरच्या परक्यांनी ती आणली,
तोवर तिथे सगळे चटईवर, गुडघे मुडपून.
माणसं वर गेली तशी मेजं वर गेली, वाडगे वर गेले,
खिडक्यासुद्धा म्हणे थोड्या सरकल्या.
दुपारी गर्दी नसते तेव्हा मी एक सून रचते,
काइफंगमधली, नाव स्यूयिंग.
सासूचा डोळा लागला की ती खुर्चीवर चढते.
पाय जमिनीला टेकत नाहीत.
ते हलवत बसते. बराच वेळ. उगाच.

आणि हे आमचं, मोरावियाचं :
वाफेवर वाकवलेलं बीच, सहा तुकडे, दहा स्क्रू.
एका पेटीत छत्तीस खुर्च्या मावायच्या,
जहाजाने जायच्या,
ब्यूनोस आयरिसच्या कॉफीघरात उभ्या व्हायच्या.
वेताची जाळी मात्र खेड्यांत विणली जायची, घरोघरी.
पणजी अपोलेना ओंडक्यावर बसून विणायची,
बोटं पाण्याने पांढरी पडलेली.
त्या घरात खुर्ची नव्हती.
हे फलकावर नाही.
कुणी विचारलं तर सांगेन;
लोक स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात.

शेवटी घानाचं स्टूल, एकाच खोडातून कोरलेलं,
बैठक चंद्रकोरीसारखी, दोन्ही टोकं वर.
मार्चमध्ये कुमासीच्या एक बाई त्याच्यापुढे थांबल्या,
सेरवा बोआतेंग, गुडघ्याला पट्टा, हातात ओली छत्री.
म्हणाल्या, माणूस उठला की हे आडवं करून
भिंतीला टेकवायचं असतं,
नाहीतर वाटेवरचा एखादा आत्मा येऊन बसतो.
मग चेष्टेने नव्हे, चौकशीच्या सुरात :
इतकी वर्षं असंच सरळ ठेवलंत?
कोण कोण बसून गेलं असेल!

वस्तूंना हात लावायचा नाही, हा नियम
मीच दिवसातून चाळीसदा सांगते, आवाज बसेपर्यंत.
त्या संध्याकाळी बत्त्या मालवल्या, हातमोजे घातले,
आणि स्टूल कलतं करून भिंतीला टेकवलं.
वाटलं होतं त्याहून हलकं होतं.

सहा आठवडे झाले.
सकाळी कुणीतरी ते सरळ करतं, संध्याकाळी मी आडवं.
दोघांपैकी कुणीच अजून वर कळवलेलं नाही.

काल घरी आले तर
स्वयंपाकघरातली खुर्ची टेबलापासून ओढलेली,
जरा तिरकी, कुणी आत्ताच उठल्यासारखी.
निघताना मी ती आत सारली होती, बहुतेक.
किल्ली माझ्या एकटीकडेच असते.
दिवा लावला,
आणि कोट न काढता तिच्यापुढे उभी राहिले
थोडा वेळ,
सवयीने.